अल्याडची विहीर

चारकोप, कांदिवली (प.)
९ मार्च २०२५

प्रिय राजाराममामा,
सप्रेम जय भीम.

फोन करून उपयोग नाही म्हणून लिहितो आहे. मागच्या वेळी तुमच्या शेजारच्या भीमराजच्या फोनवर तुम्ही सारखे "मोठ्याने बोल" म्हणत होतात आणि मी इतक्या मोठ्याने बोललो की आमच्या मजल्यावरची दारं उघडली. तरी तुम्हाला ऐकू गेलं नाही. पुढे स्टेशनाच्या टेकडीवरची रेंजही गेली. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात मला खोडता येतं.

बोअर आटल्याचं आणि लतामामी टँकरच्या चढावर पडल्याचं भीमराजने सांगितलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. अर्धी वाडी उठून गेली, हेही त्यानेच सांगितलं. तुम्ही असलं काही कळवत नाही.

आता कामाचं. साकीनाक्याच्या ज्या गाळ्यात मी जुने फोटो स्कॅन करतो, तिथे एका संग्राहकाची पेटी आली आहे. पेटीत काचा आहेत. पूर्वी फोटो काचेवर निघत. या सगळ्या काचा घाटात आणि नद्यांवर रेल्वे बांधली जात होती तेव्हाच्या आहेत. एका काचेच्या पाकिटावर इंग्रजीत 'कातळी नदी, पहिला खांब' असं लिहिलं आहे. मी एकेक अक्षर लावून वाचलं, मग लांब जाऊन चहा पिऊन आलो आणि पुन्हा वाचलं. कातळीच आहे.

नदीत उभं राहून वरच्या अंगाला तोंड करून फोटो काढला आहे. मधोमध एकटा खांब, त्यावर पूल अजून नाही. डाव्या काठावर काही झोपड्या आणि त्यांच्यापुढे दगडी कठड्याची विहीर. विहिरीवर एक बाई वाकून पाणी काढते आहे. तिच्या हातातला दोर ओला आहे, मामा. काचेवर इतकं स्पष्ट दिसतं.

तुमची आजी ज्या विहिरीबद्दल सांगायची, ती हीच का? सोबत प्रिंट पाठवतो आहे. गाळ्याचे मालक धवलभाई यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, आणि मग मला त्यांचा शब्द मोडून करावं लागलं असतं. कृपया कोणाला सांगू नका.

तुमचा भाचा,
विशाल

ता.क. मागच्या पत्रात तुम्ही 'विहिर' लिहिलं होतं. एकटी असली की 'विहीर', दीर्घ. प्रत्यय लागला की 'विहिरीत', 'विहिरीला', ऱ्हस्व. राग मानू नये.


कोंडीवाडी
१७ मार्च

चि. विशाल यास जय भीम.

फोटो पोचला. पुठ्ठ्यात घातलास ते बरं केलंस, नाहीतर आमच्या पोस्टमनने घडी घालूनच दिला असता. विहिरला पाणी लागलं की ऱ्हस्व दीर्घ तू म्हणशील तसं लिहीन. तोवर चालवून घे.

खांब आपलाच. कमरेला दगडांचा पट्टा बाहेर आला आहे तो बघितला आणि ओळखला. आयुष्य गेलं त्याच्याखालून. डोंगर दिसला असता तर एका नजरेत सगळं सांगितलं असतं, पण वर नुसतं पांढरं आहे. भीमराज म्हणाला धुकं असेल. तू सांग.

आजी सांगायची ती गोष्ट तुझ्या आईने तुला सांगितली असेल. वरच्या गावची विहिर आपल्याला बंद. म्हणून आपल्या माणसांनी स्वतः काठावर खणली. कातळात खणली, सुरुंगाशिवाय. ती कधी आटली नाही. मग रेल्वे आली, तिच्या दगडमातीत विहिर गाडली गेली. बदल्यात कंपनीने इंजिनाच्या टाकीवरून एक नळ दिला. वाफेची इंजिनं गेली, टाकी गेली, नळ गेला. विहिर कुठे होती हे सांगणारं कोणी उरलं नाही. आजी एवढंच म्हणायची, "विहिर अल्याड आहे रे, अल्याड." म्हणजे ह्या काठाला. तुझ्या फोटोतही डाव्या काठालाच आहे. नदीत वरच्या अंगाला तोंड करून उभं राहिलं की डावा काठ आपला, बोगद्याचा. उजव्या काठाला भराव आहे, त्याच्यावरून लाइन जाते.

त्या भरावावर माझी रेल्वेतली सगळी नोकरी गेली. तुला सांगितलं नसेल. तिथे लाइनला एक जागा होती, कितीही गिट्टी टाका, पोटात घ्यायची. पावसाळ्यात आज भरली की आठवड्यात रूळ परत खाली बसलेला. आम्ही गँगवाले तिला खादाड म्हणायचो. साहेब आला की म्हणायचा, काय, खादाडने जेवण केलं का? असो. कान गेले की माणसांचे आवाज विसरायला होतात, पण मला त्या जागेचा आवाज अजून आठवतो. गाडी गेली की बद्द वाजायची.

वाडीत सहा घरं राहिली. ती म्हणतात, बाबासाहेबांच्या जयंतीपर्यंत थांबू, झेंडा लावू, मग जाऊ. म्हणजे आमच्याकडे तेवढाच वेळ आहे. पाणी लागलं तर कोणी जाणार नाही.

तुझी मामी फोटो बघून म्हणते, ही बाई आपल्यातली नव्हे. हिचा पदर उजव्या खांद्यावरून आहे, आपल्यात असा कोण घेतं? परक्या बाईच्या भरवशावर खणू नका म्हणाली. बायकांचं काय घेऊन बसतोस. पण लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.

राजाराम


चारकोप
२३ मार्च

प्रिय मामा,
जय भीम.

वर पांढरं दिसतं ते धुकं नाही. जुन्या काचांवर आकाश नेहमी जळतं, आणि डोंगर त्यात विरून जातात. माझ्याकडे आलेल्या बहुतेक काचांवर तसंच आहे.

मामींच्या पदराचा मी फार विचार केला. मला झोप येत नव्हती. मग सकाळी जिन्यात आमच्या शेजारच्या सविताबेन भेटल्या, आणि एकदम उलगडा झाला. त्यांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो. आमच्या सेक्टरमधल्या अर्ध्या बायका तसाच घेतात, गुजराती आहेत ना. मी रोज बघतो म्हणून मला फोटोत काही वेगळं वाटलंच नव्हतं. रेल्वेच्या कामावर मजूर सगळीकडून आणले होते. त्यांच्यात गुजरातकडची बाई असणं अगदी शक्य आहे. विहीर तुमची, पाणी काढणारी बाई बाहेरची. मामींना एवढं सांगा आणि त्यांना काळजी करू देऊ नका.

मी फोटोवर पट्टी धरून मोजलं आहे. खांबाच्या रुंदीएवढ्या चार रुंद्या डावीकडे सरकलं की विहिरीचा मध्य येतो. म्हणजे तुमच्याकडच्या काठावरची मोकळी मळी, गाळाची ती सपाट जमीन. खांबाच्या पायाजवळ अजिबात खणू नका. हे तुम्हाला सांगायला नको, पण लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

आणि एकट्याने उतरू नका. बाजूची माती बांधून घ्या. पत्र मिळाल्याचं कळवा.

विशाल


कोंडीवाडी
६ एप्रिल

चि. विशाल,

खणायला लागलो. मी, भीमराज, आणि ज्यांना निघायची घाई नाही असे आणखी दोघे. मी वरून माती ओढतो. खाली उतरायला भीमराज देत नाही. म्हणतो, काका, तुम्ही खाली गेलात आणि वरून हाक मारली तर तुम्हाला ऐकू येणार नाही. खरं आहे. पण त्याला एवढी बडबड येते हे मला कान असताना माहीत नव्हतं.

आधी वाळू लागली. मग तांबडी माती. मग मुरूम. बांधलेला दगड एकही नाही. भीमराज म्हणतो, अजून खाली असेल. मी पण तेच म्हणतो. बायका भाकऱ्या आणून ठेवतात आणि ढिगाकडे बघत उभ्या राहतात.

पुरलेल्या विहिरचा भराव मऊ लागतो, इथे माती कधी हललीच नाही अशी आहे. हे मी त्यांना बोललो नाही. तुला बोलतो.

श्यामकांतचं घर काल गेलं. जयंतीपर्यंत थांबतो म्हणाला होता, पण त्याच्या नातवाला जुलाब लागले. टँकरचं पाणी. जाताना तो माझ्याशी काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही, मी मान हलवली.

तुझी मामी अजून तेच म्हणते. गुजरातची बाई असती तर एवढी बांगडी नुसत्या एका हातात नसती, असं काहीतरी. मी ऐकून घेत नाही. ऐकून घ्यायला मला सोपं आहे का?

राजाराम


साकीनाका
१२ एप्रिल

मामा,

पत्र मिळताच खणणं थांबवा. पुढचं नंतर वाचा, आधी भीमराजला वर काढा.

विहीर डाव्या काठावर नाही. उजव्या काठावर आहे. चूक माझी आहे.

आज त्याच पेटीतली दुसरी काच साफ करत होतो. सुतारांचा फोटो आहे, पुलाच्या लाकडी आधाराचं काम करणारे. एका रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात करवत. सगळ्यांनी डाव्या हातात धरली आहे. मी मनात म्हणालो, सगळेच डावखुरे कसे? आणि मग मामींचा पदर आठवला. हातातली काच खाली ठेवून मी कातळीची काच पुन्हा पाकिटातून काढली.

काचेच्या एका बाजूला मसाला असतो, चित्र त्यातच उमटतं. ती बाजू खाली ठेवून स्कॅन करायचं, असा नियम आहे. पण या काचांचा मसाला जागोजाग सुटला होता. खरवडला जाईल या भीतीने मी तो वर ठेवला. मग कॉम्प्युटरवर चित्र आरशासारखं उलटवून घ्यायचं असतं. ते मी विसरलो. काचेला ओरखडा पडू नये म्हणून एवढी काळजी घेतली, आणि नदीचे काठ बदलून टाकले.

ती बाई तुमचीच आहे. पदर डाव्या खांद्यावरच आहे. मामींना सांगा. मामींना सांगा की त्यांचं बरोबर होतं.

भीमराजचा फोन लागत नाही. सकाळपासून लावतो आहे. स्वतः निघणार होतो, पण काचा उद्या परत जाणार आहेत आणि सरळ प्रिंट आजच काढली नाही तर ती कधीच मिळणार नाही. धवलभाईंना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी काच हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "काढ. मोठी काढ." सोबत पाठवतो आहे. स्पीड पोस्टाने.

उजव्या काठाला भराव आहे असं तुम्ही लिहिलं होतं, पण तो नदीपासून किती आत आहे ते मला माहीत नाही. मी लहानपणी आलो होतो तेव्हा आई मला नदी ओलांडू द्यायची नाही. तिथे जागा मोकळी असेल तर विहीर तिथे आहे. चार रुंद्या, पण उजवीकडे.

विशाल


कोंडीवाडी
१३ एप्रिल

चि. विशाल,

वाईट बातमी आहे. बुधवारी भीमराज खाली होता. बाजू ढासळली. मी वर दोर धरून होतो. दोर एकदम जड झाला एवढंच मला कळलं. तो ओरडला असेल. मला ऐकू आलं नाही, विशाल. बायका धावत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

जीव वाचला. उजवा हात दगडाखाली सापडला होता. तालुक्याच्या दवाखान्यात आहे. बोटं राहतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. त्याचा फोनही खड्ड्यातच राहिला. त्याची बायको सुगंधा माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि बोलली असती तरी मला काय कळणार होतं.

खड्डा बुजवला. खणलेली माती परत टाकली तर पुरली नाही, थोडा खळगा राहिला आहे.

उद्या जयंती. झेंडा मीच लावीन. लोक विचारतात तो फोटो पाठवणारा भाचा कुठे आहे. मी म्हणतो, मुंबईला. त्याची चूक नाही, अल्याडच होती विहिर, आम्हालाच सापडली नाही.

राजाराम


चारकोप
१९ एप्रिल

प्रिय मामा,

तुमचं १३ तारखेचं पत्र आणि माझं १२ तारखेचं, दोन्ही वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. माझं पोचलं असेल. म्हणजे आता तुम्हाला माहीत आहे की भीमराजचा हात माझ्यामुळे गेला.

मी तुमचं पत्र साकीनाक्याच्या सिग्नलवर उभा राहून वाचलं. मग कामावर गेलो नाही. मग गेलो. धवलभाई म्हणाले घरी जा, मी म्हणालो घरी काय करू.

"त्याची चूक नाही" असं तुम्ही लोकांना सांगितलंत. तेव्हा तुम्हाला माझं पत्र मिळालं नव्हतं. आता मिळाल्यावरही तसंच सांगत असाल तर कृपया सांगू नका. खरं सांगा.

भीमराजसाठी काय करू ते सांगा. सुगंधावहिनींना मी पत्र लिहायला तीनदा बसलो. शुद्धलेखन तपासता येतं तेवढं तपासलं, पण मजकूरच नाही.

एक विचारू? उजव्या काठावर खरंच जागा आहे का? घरं अजून आहेत का? पाणी लागलं तर ज्यांनी घर सोडलं ती माणसं परत येतील का? तुम्ही हो म्हणालात तर मी या रविवारी निघतो आणि स्वतः खणतो. मला खणता येत नाही, पण मी शिकेन.

उत्तर द्या. शिव्या द्या पण उत्तर द्या.

विशाल


कोंडीवाडी
१२ मे, बुद्ध पौर्णिमा

चि. विशाल यास जय भीम.

उत्तराला उशीर केला. रागाने नाही. काय लिहावं ते जमत नव्हतं.

तुझा सरळ फोटो जयंतीच्या दुसऱ्या दिवशी पोचला. तो घेऊन मी नदीत उतरलो. फोटोवाला जिथे उभा राहिला असेल तिथे गोट्यांवर उभा राहिलो आणि फोटो डोळ्यांसमोर धरला. खांबाला खांब लावला. मग उजवीकडे तुझ्या चार रुंद्या मोजल्या. बोट फोटोवरून उचललं आणि समोर धरलं. समोर भराव. सगळा दगडमातीचा डोंगर, वरती लाइन. बोट तसंच वर नेत गेलो. लाइनवर जाऊन थांबलं ते खादाडवर.

खाली बसलो तिथेच गोट्यांवर.

विहीर खादाडच्या खाली आहे, विशाल. दीर्घ लिहिली आहे, बघ. माझी सगळी नोकरी मी आपल्याच विहिरीच्या तोंडात गिट्टी भरत होतो. दर पावसाळ्यात ती खाली ओढायची, आणि आम्ही वरून आणखी टाकायचो आणि तिला शिव्या द्यायचो. आजीला कळलं असतं तर तिने काय केलं असतं माझं.

तिथे खणता येणार नाही. भरावाला हात लावला तर वरची गाडी खाली येईल. तो हात माझा असणार नाही, पाण्यासाठीसुद्धा.

आता तुझ्या चुकीचं. काच तू उलटी ठेवलीस, ते खरं. पण आजी अल्याड म्हणायची ती कोणत्या काठावरून म्हणायची? तिच्या सासूने तिला सांगितलं होतं आणि त्या सासूची वाडी तेव्हा पलीकडे होती, भरावाच्या जागी. रेल्वे आली म्हणून वाडी उठून इकडे आली. माणसं नदी ओलांडून आली, तो शब्द पण त्यांच्याबरोबर आला. विहीर तिथेच राहिली. हे मला आठवायला हवं होतं. फोटो सरळ असता तरी मी म्हणालो असतो, नाही, अल्याड, आणि इकडेच खणलं असतं. तेव्हा भीमराजच्या हाताची अर्धी चूक माझी. लोकांना मी तेच सांगितलं. सुगंधाला पण सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या मामीने मला लिहून दाखवलं तसं, "काका, आता कोणाची ते मोजून काय करू?" दोन बोटं गेली त्याची. ते दोघं तिच्या माहेरी गेले. दाराला कुलूप आहे.

सगळीच घरं गेली. शेवटचं परवा. आता मी आणि तुझी मामी.

पण हे ऐक. भरावाच्या पायथ्याला भिंत आहे. आतलं पाणी निघून जावं म्हणून अशा भिंतीला भोकं ठेवतात. गँगला असताना एक भोक चुन्याने गच्च भरलेलं मी रोज बघायचो, त्याच्याखाली भिंत कायम हिरवी असायची. भर उन्हाळ्यात हिरवी. कधी विचार केला नाही, का. गेल्या आठवड्यात माझी जुनी पहार घेऊन गेलो आणि ते भोक साफ केलं. भिंतीला काही केलं नाही, भोक त्यांनीच ठेवलेलं आहे. दुपारपर्यंत काही नाही. मग ओल आली. मग थेंब. मग दोऱ्याएवढी धार.

सकाळी कळशी लावली की संध्याकाळी भरते. थंड आहे. पाणी दोघांपुरतं आहे. वाडीपुरतं नाही.

तुझी मामी पहिली कळशी घेऊन गेली. नव्या पाण्याची पहिली कळशी शेजारच्या घरी द्यायची, मग आपण प्यायचं, असं आपल्यात आहे. बराच वेळ आली नाही म्हणून बघायला गेलो. भीमराजच्या कुलूपबंद दारापुढे कळशी ठेवून बसली होती. मला म्हणाली काहीतरी. मी तिच्या ओठांकडे बघितलं. म्हणाली, "कोणाला देऊ?"

कळशी घरात आणून झाकून ठेवली आहे. आम्ही अजून स्टेशनातून आणलेलंच पाणी पितो. तू ये. खणायला नको. तू बाहेरून येशील, म्हणजे तुला देता येईल.

राजाराम